माळ, तळी आणि हुरडा : सोलापूरच्या आसपासची जानेवारीतील भटकंती

सोलापूर जिल्ह्यात निसर्ग पाहायचा असेल तर नजर झाडांच्या शेंड्यांवरून खाली, गवतावर आणावी लागते, असे माझा थोरला भाऊ अनेक वर्षे सांगत आला आहे. दादा सोलापुरातच शिक्षक म्हणून निवृत्त झाला आणि आता त्याच्या बहुतेक सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून कुठल्या ना कुठल्या तळ्याच्या काठी जातात. पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीला रान म्हणजे सह्याद्री, धबधबे आणि धुके एवढेच ठाऊक होते. ती आठवीत आहे आणि पक्ष्यांची नावे लिहून ठेवण्याचा नाद तिला मामामुळेच लागला आहे. यंदा प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी मिळाली, तेव्हा सोलापूरला राहून शहरातली उद्याने, शहराबाहेरची तळी आणि नान्नजचा माळ असे सगळे सावकाश पाहायचे आम्ही ठरवले. गाडीचा प्रवास सुरळीत झाला, मुक्काम दादा-वहिनींकडेच होता, त्यामुळे त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

गुरुवार : भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव

दुपारी पोहोचून, वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगांची पातळ भाजी खाऊन आम्ही चारच्या सुमारास भुईकोट किल्ल्यात गेलो. शहराच्या ऐन मध्यावर उभा असलेला हा बहामनी काळातील किल्ला दुहेरी तटबंदीचा आहे. त्याच्या एका अंगाला सिद्धेश्वर तलाव असल्यामुळे तटावर उभे राहिले की पाण्यावरून येणारा गार वारा थेट अंगावर येतो. आत झाडी, हिरवळ आणि जुन्या मंदिराचे कोरीव खांब आहेत. गर्दीच्या बाजारपेठांपासून चालत येण्याइतक्या अंतरावर एवढी शांत जागा टिकून आहे, ही सोलापूरकरांची मोठी मिळकत आहे असे मला वाटते. तटाच्या एका फटीत पिंगळ्यांची जोडी ऊन खात बसली होती. मुलीच्या वहीतली ती पहिली नोंद ठरली.

तिथल्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे आयुष्य यंत्रमागावर गेले होते, घरी बोली तेलुगू, पण आमच्याशी ते स्वच्छ सोलापुरी मराठीत बोलत होते. दादा त्यांना अण्णा म्हणत होता, कारण दोघांची इथली ओळख जुनी आहे. रोज संध्याकाळी इथे का येता, असे मुलीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाळ, माग बंद झाला तरी खटखट कानातून जात नव्हती बघ. इथं येऊन बसायला लागलो, तेव्हा कुठं पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला." त्यांनी आम्हाला तटावरची एक जागा दाखवली, जिथून तलाव, मंदिर आणि मावळतीचे आकाश एकाच वेळी दिसते.

सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी शिष्यांच्या श्रमदानातून खोदवला, अशी परंपरा आहे. त्यांनी शहरात आणि भोवताली अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक त्या लिंगांना प्रदक्षिणा घालते. आम्ही गेलो तेव्हा यात्रेचे मुख्य दिवस उलटले होते, तरी होम मैदानावर पाळणे उभे होते. कमी पावसाच्या या प्रदेशात ज्याने पाणी साठवले त्याला लोकांनी ग्रामदैवत मानले, हे तळ्याकाठी उभे राहिल्यावर फार स्वाभाविक वाटते. पाण्यात उभ्या असलेल्या मंदिराभोवती पाणकावळे पंख पसरून बसले होते आणि बगळ्यांची रांग थव्याथव्याने परतत होती.

किल्ला संध्याकाळी बंद होतो, म्हणून चार-साडेचारपर्यंत आत जावे आणि मग मावळतीला तळ्याकाठी यावे. यात्रेच्या दिवसांत या भागात गाडी लावायला जागा मिळत नाही. रिक्षा बरी.

शुक्रवार : संभाजी तलाव, स्मृती उद्यान आणि हिप्परगा

सोलापूरच्या जानेवारीत पहाट चांगली गार असते आणि दुपारी बारानंतर ऊन चटका देऊ लागते. त्यामुळे पक्षी पाहणाऱ्याने दिवसाचे दोन तुकडे करून मधला वेळ घरी घालवावा, हा दादाचा नियम आम्ही पाळला. सकाळी साडेसहाला विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलावावर पोहोचलो, ज्याला जुनी माणसे अजून कंबर तलाव म्हणतात. पाण्यावर विरळ धुके होते. जांभळ्या पाणकोंबड्या लाल चोच आणि लांब बोटे सांभाळत पाणवनस्पतींवरून चालत होत्या, टिबुकल्या बुडी मारून भलतीकडेच वर येत होत्या आणि चांदव्यांचा एक मोठा जमाव तळ्याच्या मधोमध तरंगत होता. तळ्याच्या दूरच्या काठाला थापट्या बदके चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत होती. ही बदके उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून हिवाळ्यापुरती येतात, हे मुलीला पुस्तकातून माहीत होते, पण शहराच्या बसथांब्यापासून इतक्या जवळ ती दिसतील याची तिला कल्पना नव्हती.

तळ्याच्या एका भागात जलपर्णी माजलेली दिसली. पाण्यात सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद मिसळले की ही वनस्पती झपाट्याने पसरते, पाण्यावर जाड थर धरते आणि खालच्या पाण्यातील प्राणवायू घटून मासे व त्यांवर जगणारे पक्षी अडचणीत येतात. ती यंत्राने काढून टाकली तरी सांडपाणी येत राहिले की पुन्हा उगवते. म्हणून तळ्याची खरी काळजी काठावर नव्हे, तर तळ्याकडे येणाऱ्या नाल्यांवर घ्यायला हवी. पहाटे इथे फिरायला येणाऱ्या शेकडो लोकांनी ही मागणी लावून धरली पाहिजे, असे दादा पोटतिडकीने सांगत होता आणि ते मला पूर्ण पटले.

जवळच स्मृती उद्यान आहे आणि पुढे वनविभागाचा सिद्धेश्वर वनविहार. वनविहारात कडुनिंब, बाभूळ, बोर अशी इथल्या मातीत सहज तगणारी झाडे असल्याने शिंजीर, वटवट्या, सातभाई अशी नेहमीची पाखरे अगदी जवळून पाहता येतात. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी शहरातली हीच सर्वांत सोयीची जागा आहे. पाणी आणि खाऊ सोबत घ्यावा, मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या परत न्याव्यात.

संध्याकाळी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावावर गेलो. कागदोपत्री याचे नाव एकरुख तलाव. आदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला आणि १८७१ मध्ये पूर्ण झाला. बांधावरून पाहताना पाण्याचा पलीकडचा काठ धूसर दिसतो, इतका विस्तार आहे. काठाच्या उघड्या चिखलात शेकाटे, तुतवार आणि धोबी चरत होते आणि नारिंगी रंगाच्या चक्रवाकांची एक जोडी गंभीरपणे उभी होती.

खरे नवल सूर्य टेकल्यावर घडले. पूर्वेकडच्या ज्वारीच्या शिवारांतून भोरड्यांचा पहिला थवा आला, मागून दुसरा, मग तिसरा, आणि थोड्याच वेळात आकाशात हजारो पाखरांचा एकच काळा पट्टा हेलकावू लागला. तो ताणला जाई, आखडे, मध्येच दुभंगे आणि पुन्हा जुळे. एक ससाणा त्यात घुसला तेव्हा सगळा थवा क्षणात गोळा होऊन दाट झाला. भोरडी, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशिया आणि आग्नेय युरोपात पिल्ले वाढवते आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे येऊन एप्रिलपर्यंत मुक्काम करते. अंधार पडू लागला तसा तो थवा काठच्या बाभळींवर उतरला आणि त्यानंतर कितीतरी वेळ नुसता कलकलाट ऐकू येत होता. मुलीने वही उघडलीच नाही, ती मान वर करून पाहत राहिली.

भोरड्या पाहायच्या असतील तर सूर्यास्तापूर्वी अर्धा तास बांधाजवळ असावे, सूर्य पाठीशी ठेवावा आणि महामार्गाच्या कडेला गाडी उभी न करता आतल्या रस्त्यावर घ्यावी.

शनिवार : नान्नजचा माळ आणि वडाळ्याच्या शिवारातला हुरडा

या प्रवासात मी ज्या दिवसाची सर्वाधिक वाट पाहत होते तो हा. पहाटे साडेपाचला बार्शी रस्त्याने निघालो आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या नान्नजला तांबडे फुटायच्या आत पोहोचलो. माळढोक पक्षी अभयारण्याच्या प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी आणि शुल्क लागते, म्हणून दादाने आदल्या दिवशीच चौकशी करून स्थानिक वाटाड्या ठरवला होता. तो वाटाड्या म्हणजे याच माळावर गुरे राखत मोठे झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो.

माळावर पहिले पाऊल टाकताच जाणवते ते आकाशाचे मोठेपण. नजर अडेल असे काही नसते. जानेवारीत गवत वाळून सोनेरी झालेले असते, त्यात कुसळी, पवन्या अशा अनेक जाती मिसळलेल्या असतात आणि वारा आला की सगळा उतार एका बाजूला झुकतो. मामांनी आम्हाला बोलणे बंद करायला लावले आणि लपणात नेऊन बसवले. उजाडल्यावर समोरच्या उतारावर काळविटांचा कळप दिसला. माद्या आणि लहान नर तांबूस, तर कळपाचा धनी पाठीवर गडद काळा, पोटाला पांढरा, पिळाची शिंगे मागे टाकून मान ताठ ठेवून चालणारा. वय वाढते तसा नराचा काळा रंग गडद होत जातो, असे मामांनी कानात सांगितले. थोड्या वेळाने दोन नरांनी शिंगे अडकवली. तो कोरडा खटखटाट एवढ्या अंतरावरूनही स्पष्ट ऐकू आला.

ऊन थोडे चढल्यावर पाणवठ्यावर पखुर्ड्या आल्या. आधी आकाशातून त्यांची दुहेरी हाक आली, मग आठ-दहा पाखरे वेगाने उतरून मातीत अशी मिसळली की पाहता पाहता हरवली. पखुर्डी कोरडे बी खाऊन जगते, त्यामुळे तिला रोज पाण्यावर यावेच लागते. विणीच्या दिवसांत नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून दूरवरच्या पिल्लांकडे उडत जातो आणि पिल्ले त्या पिसांतून पाणी चोखतात. हे ऐकल्यावर मुलीने मामांना तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्यानंतर तिचे सगळे लक्ष त्या एका नरावर होते, जो पोट पाण्याला टेकवून बसल्यासारखा दिसत होता.

गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये, हवेत एका जागी स्थिर राहून मग झेपावणारी कापशी, बाभळीच्या काट्यावर नाकतोडा खोचून ठेवणारा खाटीक, आणि आकाशात चढून शीळ घालत दगडासारखा खाली सुटणारा डोंबारी चंडोल असे एकेक नाव वहीत येत गेले. परतीच्या वाटेवर मामांनी एकदम हात वर केला. दूरच्या बांधावरून दोन लांडगे एकामागून एक, मान खाली घालून, दुडक्या चालीने जात होते. त्यांनी एकदाच थांबून आमच्याकडे पाहिले आणि ओढ्यात उतरले. भारतीय लांडगा दाट जंगलापेक्षा अशाच उघड्या माळावर आणि ज्वारीच्या शिवारात राहतो, हे वाचले होते, पण त्याची ती निवांत चाल पाहून हा माळ त्याचे घर आहे हे आतून पटले. वाटेत मेंढरे घेऊन निघालेले एक धनगर तात्या भेटले. लांडगे मेंढरे नेतात तेव्हा राग येत नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, "येतो की. पण पिढ्यान् पिढ्या एकाच रानात हाय आमी. त्याचा वाटा जातोच." मग त्यांनी कुत्र्यांच्या गळ्यातले खिळ्यांचे पट्टे दाखवले. लांडग्याने कुत्र्याची मान धरू नये म्हणून ते घालतात.

माळढोक आम्हाला दिसला नाही आणि तो दिसेल अशी आशा धरून कुणी येऊही नये. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी एकेकाळी या माळांवर नियमित दिसत असे. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी १९७०च्या दशकात त्याच्या नोंदी केल्या आणि १९७९ मध्ये सोलापूर व नगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. एवढ्या मोठ्या हद्दीत शेती, गावे, अगदी शहरेसुद्धा आल्याने लोकांची मोठी अडचण झाली आणि पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे जमिनीवर घालते, त्यामुळे घट भरून निघायला फार काळ लागतो. तोवर माळ उसाखाली आणि बागायतीखाली गेले, विजेच्या तारांचे जाळे पसरले आणि जड शरीराच्या, समोरचे कमी दिसणाऱ्या या पक्ष्याला त्या तारा चुकवता येत नाहीत. अलीकडच्या काळात नान्नज परिसरात एखाददुसरा पक्षी दिसल्याच्याच नोंदी आहेत. मामांनी तरुणपणी नराचा घुमणारा आवाज पावसाळ्यात पहाटे ऐकला होता. गळ्याची पिशवी फुगवून तो साद घाली आणि ती मैलभर ऐकू येई, असे सांगताना ते थांबले, आणि आम्हीही पुढे काही विचारले नाही.

इथे मला एक गोष्ट आग्रहाने लिहायची आहे. उघड्या माळावर झाडे लावणे म्हणजे निसर्गसेवा, असे आपण शाळेपासून शिकलो. पण ज्या जमिनीला निसर्गानेच गवताचे रान म्हणून घडवले आहे, तिथे उंदीरमारी किंवा सुबाभूळ यांच्या रांगा उभ्या केल्या की चंडोल, धाविक, पखुर्डी, काळवीट आणि माळढोक या सगळ्यांचे घर मोडते. झाडांत दबा धरणारे शिकारी वाढतात आणि जमिनीवर घरटे करणाऱ्यांना दूरवर पाहता येत नाही. झाडे शहरात, रस्त्यांच्या कडेला आणि ओढ्यांच्या काठी भरपूर लावावीत. माळाला मात्र गवत लागते, आणि ते राखण्यासाठी मर्यादित चराई व वेळेवर कापणी लागते. सोलापूरला येणाऱ्या प्रत्येकाने हे रान एकदा डोळ्यांनी पाहावे, म्हणजे त्याला कुणी ओसाड म्हणणार नाही.

नान्नजला जाणाऱ्यांनी मातकट रंगाचे कपडे घालावेत, पायांत बंद बूट असावेत, कारण कुसळे मोज्यांतून आत शिरतात. उन्हासाठी टोपी आणि पहाटेसाठी स्वेटर दोन्ही लागतात. वाटाड्याशिवाय गवतात उतरू नये. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मातीच्या रंगाची असतात आणि पायाखाली येऊ शकतात. परतताना द्राक्षबागांमध्ये थांबायला विसरू नये. सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षजाती नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांनी दिल्या, आणि जानेवारीअखेरीस पहिला माल काढायला सुरुवात झालेली असते. आम्ही एका मळ्यातून दोन पेट्या घेतल्या. त्यातली एक वाटेतच संपली.

दुपारी वडाळ्याच्या शिवारात वहिनींच्या मामांकडे हुरड्याचे आमंत्रण होते. शेतात कडब्याची एक कोपी उभी होती. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला तिच्यात लक्ष्मीची पूजा मांडून आंबील, भज्जी आणि उंड्यांचे जेवण सगळ्या भावकीने शेतातच केले होते, आणि महिना उलटला तरी ती मोडलेली नव्हती. तिच्या सावलीत घोंगड्या अंथरल्या होत्या. बांधाच्या आडोशाला जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. निखारे फुलले की हिरवी कणसे त्यात खुपसायची, बाहेर काढून गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि मऊ दाणे सुपात पाखडून समोर ठेवायचे, हे काम मामी इतक्या वेगाने करत होत्या की आमचे हात मागे पडत होते. हुरड्यासाठी खास लावलेली गूळभेंडी होती, जिचा दाणा कणसातून सहज सुटतो आणि चवीला गोड असतो. घरच्या भाकरीसाठीची मालदांडी बाजूच्या रानात वेगळी उभी होती. सोबत शेंगांची चटणी, लसणाचे तिखट, गूळ, दही, रेवड्या, ओल्या हरभऱ्याचा डहाळा, बोरे आणि शेवटी मठ्ठा.

"खा गं पोरी, हुरडा गार झाला की रुसतो," असे म्हणत मामी मुलीच्या पुढ्यातले सूप रिकामे होऊ देत नव्हत्या. अधूनमधून भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरे आणि मामांचा नातू माळ्यावरून गोफण फिरवून हाकारा घाली. आदल्या संध्याकाळी ज्या पाखरांकडे आम्ही भान हरपून पाहिले होते, तीच इथे शेतकऱ्याचे पीक खात होती. मी तसे बोलून दाखवल्यावर मामा म्हणाले, "खातात खरं, पण नाकतोडेबी तीच खातात. हाकलायचं तेवढं हाकलायचं." गोफणीचा दगड थव्याच्या वरून जात होता, थव्यात नाही, हे मुलीच्या लक्षात आले.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हुरडा मिळतो. ओळखीचे शेत नसेल तर शहराच्या आसपास कृषी पर्यटनाची अनेक ठिकाणे आहेत, पण सुट्टीच्या दिवशी आधी सांगून ठेवावे लागते. हुरडा पोटाला जड असतो, त्यामुळे त्या रात्री नुसत्या ताकावर राहावे, हा वहिनींचा सल्ला आम्ही मानला.

रविवार : हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम

सकाळी आरामात उठून, धपाटे, दही आणि कडक भाकरीचा डबा घेऊन विजापूर महामार्गाने दक्षिणेकडे निघालो. साधारण चाळीस किलोमीटरवर, शेवटी आतल्या अरुंद रस्त्याने, कुडलला पोहोचता येते. वाटेत दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी उभी होती. पलीकडे पश्चिमेला मंगळवेढ्याचे तर ज्वारीचे कोठार म्हणून नावच आहे.

भीमाशंकरहून निघालेली भीमा आणि नगर जिल्ह्यातून आलेली सीना इथे एकमेकींना मिळतात आणि समोरच्या काठावर कर्नाटक सुरू होते. पाणी संथ होते, काठाला कपडे धुणाऱ्या बायकांचे बोलणे कानडीत चालले होते. त्यांतल्या एका आजींनी "बर्री, कुंद्री" म्हणून आम्हाला सावलीत जागा दिली आणि लगेच मराठीत वळून चौकशी केली. संगमावर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत पाण्यावर रोखून पाहत होता आणि नदी सुरय पक्षी प्रवाहाच्या रेषेवरून ये-जा करत होते.

काठावरच्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख आहे. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते, आणि तो उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांचे आहे. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले शिवलिंग आहे, ज्याच्याभोवती फिरताना प्रत्येक मुखाची ठेवण वेगळी दिसते. आम्ही मुळात नदीसाठी आलो होतो, तरी तिथे तासभर रेंगाळलो. दुपारचा डबा वडाच्या सावलीत उघडला, आजींना धपाटे दिले, त्यांनी आम्हाला घरच्या खपली गव्हाची हुग्गी दिली.

इथे खाण्यापिण्याची फारशी सोय नाही, त्यामुळे पाणी आणि डबा सोबत असावा. संगमाचे पात्र वरून शांत दिसले तरी खोल खड्डे आहेत, मुलांना पाण्यात सोडू नये.

सोमवार : भिगवण आणि परत

पहाटे चारला सोलापूर सोडले आणि उजनीच्या फुगवट्याकाठी, भिगवणजवळच्या कुंभारगावला सूर्योदयानंतर लगेच पोहोचलो. भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयात कितीतरी गावांची शेते गेली. आज त्याच गावांतील मच्छीमार पर्यटकांना होडीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवतात. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्याने उशिरा मोठी गर्दी होणार होती, पण पहिल्या होड्यांत आम्हाला जागा मिळाली.

होडीवाले दादा इंजिन लांबूनच बंद करून बांबूने होडी ढकलत होते. उथळ पाण्यात शेकडो रोहित माना खाली घालून, चोच उलटी धरून चिखलातून शेवाळ आणि बारीक जीव गाळत होते. याच खाद्यातील रंगद्रव्यांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना त्यांनी पंख उघडले तेव्हा आतला भडक लाल-गुलाबी रंग दिसला. हे पक्षी कच्छच्या रणात पिल्ले वाढवतात. आजूबाजूला पट्टकदंब, तलवार बदके, चित्रबलाक आणि कुरवांचे थवे होते. एक मोरघार मासा पंजात धरून आमच्या डोक्यावरून गेली.

शेजारच्या एका होडीतील मंडळींनी थवा उडताना फोटो हवा म्हणून होडी जवळ नेण्याचा आग्रह धरला. आमच्या होडीवाल्या दादांनी तो मोठ्याने, पण शांतपणे अडवला. "सारखं उडवलं तर खायचं कधी त्यांनी? उद्या येणार नाहीत," असे ते म्हणाले, आणि त्या होडीनेही ऐकले. काठावर उतरल्यावर त्यांच्या घरी तव्यावर तळलेली चिलापी, मरळचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी असे जेवण झाले. मुलीची वही त्यांच्या नातीने पान पान उलटून पाहिली आणि राहून गेलेली दोन नावे स्वतःच्या हाताने लिहून दिली.

पुण्याकडून येणाऱ्यांनी हाच मार्ग उलटा करावा. पहिल्या दिवशी पहाटे भिगवण, मग सोलापूर, आणि नान्नजसाठी शनिवार-रविवार सोडून मधला वार ठेवावा, कारण माळावर माणसे कमी असतील तेवढे रान जास्त दिसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात यायचे असेल तर माळ हिरवा असतो आणि हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा बोरी नदीला पूर आल्यावर सुरू होतो. तो पाहायला जुलैनंतर पुन्हा यायचे, असे मुलीने दादाकडून आताच कबूल करून घेतले आहे.